लंडन–न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जायला आणि यायला वेगवेगळा वेळ का?

अक्षरेखा (मूळ प्रश्न):

दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश भरले की त्यांच्यामधले हवाई अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ काढून देणारी एक एक्सेल शीट मी सध्या तयार करत आहे. पडताळणीसाठी लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जेएफके ही जोडी घेतली, कारण या मार्गाची माहिती सहज मिळते. परंतु आकडे जुळवताना चार ठिकाणी अडलो आहे.

पहिली अडचण अंतराची. हीथ्रोसाठी ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम आणि जेएफकेसाठी ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम असे आकडे घेऊन हॅवरसाइन सूत्राने (गोलावरच्या दोन बिंदूंमधले अंतर काढण्याचे सूत्र) गणित केले, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, आणि उत्तर ५,५४० किलोमीटर आले. इंटरनेटवर मात्र बहुतेक ठिकाणी ५,५५५ किलोमीटर दिसते. हे पंधरा किलोमीटर कुठून आले? शिवाय मैलांमध्ये पाहायला गेले तर कुठे ३,४५१ लिहिलेले आहे आणि कुठे ३,०००.

दुसरी अडचण नकाशाची. न्यूयॉर्क हे लंडनच्या जवळजवळ अकरा अंश दक्षिणेला आहे, तरीही विमानाची रेघ आधी उत्तरेकडे चढते आणि मग खाली उतरते. तिसरी अडचण वेळेची. ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागले तर सव्वासहा तासांच्या आत पोहोचायला हवे, परंतु वेळापत्रकात जाताना साधारण आठ तास आणि येताना साधारण सात तास असतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असे होते का? तसे असेल तर पश्चिमेकडे जाताना न्यूयॉर्क आपणहून जवळ यायला हवे, म्हणजे फरक उलटा पडायला हवा. चौथी अडचण किरकोळ वाटते, पण तिने मला सर्वांत जास्त छळले आहे: दोन्ही शहरांत पाच तासांचा फरक धरून काढलेली आगमनाची वेळ वर्षभर बरोबर येते आणि मार्चमध्ये मात्र नेमकी एका तासाने चुकते.

दोरा_आणि_गोल:

पहिल्या दोन प्रश्नांपुरते उत्तर देतो. वेळेचा प्रश्न अधिक जाणकारांसाठी सोडतो.

आपले सूत्र बरोबर आहे आणि गणितही बरोबर आहे. त्यात गृहीत धरलेली पृथ्वी मात्र खरी नाही. पृथ्वी विषुववृत्तावर किंचित फुगलेली आणि ध्रुवांवर किंचित दबलेली आहे. विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. ६,३७१ ही या दोहोंमधली सोयीची सरासरी होय. आता गंमत अशी आहे की पन्नास अंश अक्षांशाच्या आसपास पूर्व-पश्चिम दिशेने जाणाऱ्या रेषेला जी वक्रता असते, ती ६,३९० किलोमीटर त्रिज्येच्या गोलाला शोभेल अशी असते. लंडन-न्यूयॉर्क मार्ग बराचसा पूर्व-पश्चिम असल्यामुळे गोलाच्या सूत्राने त्याचे अंतर थोडे कमीच येणार. ज्या ठिकाणी ५,५५५ दिसते, तिथे डब्ल्यूजीएस ८४ हा पृथ्वीच्या आकाराचा प्रमाण मानलेला लंबगोल धरून गणित केलेले असते. फरक पाव टक्क्याच्या आसपास आहे आणि सामान्य उपयोगासाठी तो सोडून दिला तरी चालतो. अक्षांश-रेखांशाला दशांशचिन्हापुढे सहा-सहा अंक घेण्याचाही आग्रह धरू नये, कारण विमानतळाचा संदर्भबिंदू साधारणपणे धावपट्ट्यांच्या मध्याजवळचा एक मानलेला बिंदू असतो आणि विमान काही त्या बिंदूवरून उडत नाही.

मैलांचा घोळ मात्र सोडून देऊ नका. ३,४५१ हे जमिनीवरचे मैल आहेत आणि ३,००० हे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मोजतात. एका रकान्यात एक मैल आणि दुसऱ्यात दुसरा असे झाले, तर पंधरा टक्क्यांची चूक होते आणि ती पटकन लक्षातही येत नाही.

नकाशावरच्या रेघेसाठी शीट बाजूला ठेवा, पृथ्वीचा गोल घ्या आणि एक दोरा लंडनवर व न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा ताणला जाताना तो उत्तरेकडे सरकून बसतो, हे आपल्याला बोटांखाली जाणवेल. यालाच बृहद्‌वृत्त म्हणतात आणि गोलाच्या पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा मार्ग हाच. लंडनहून निघताना या मार्गाची दिशा २८८ अंश असते, म्हणजे नेमक्या पश्चिमेपासून अठरा अंश उत्तरेकडे झुकलेली. पुढे तो ५३.७ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि तिथून सतत डावीकडे वळत खाली येतो. सपाट मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या सरळ रेघेने जायचे ठरवले, तर होकायंत्र सबंध प्रवासभर २५८ अंशांवर स्थिर ठेवता येईल, पण अंतर सुमारे ५,७५७ किलोमीटर होईल. म्हणजे नकाशावर जी रेघ सरळ दिसते, तिनेच दोनशेहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो. मर्केटरने १५६९ साली तो नकाशा केला तो जहाजे हाकणाऱ्यांसाठी, आणि त्यांना दिशा न बदलण्याची सोय अंतरापेक्षा मोलाची होती. आपण शाळेत तोच नकाशा भिंतीवर पाहत वाढलो, त्याला मर्केटर काय करणार!

उड्डाणनियोजक:

विमानाच्या उड्डाणाचा आराखडा आखणे, म्हणजे मार्ग, इंधन आणि वेळ ठरवणे, हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. आधी एक मत स्पष्टपणे मांडतो: वेळेच्या हिशेबात अंतर हा सर्वांत निरुपद्रवी आकडा आहे. त्यातील पंधरा किलोमीटर म्हणजे विमानाचे एक मिनिट. खरी गडबड भाजकात, म्हणजे वेगात आहे.

आपण घेतलेले ताशी ९०० किलोमीटर चुकीचे नाहीत, परंतु तो हवेच्या सापेक्ष वेग आहे. लांब पल्ल्याची मोठी विमाने मॅक ०.८५ च्या आसपास उडतात, म्हणजे त्या उंचीवरच्या ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के वेगाने. प्रमाण वातावरणात अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६.५ अंश सेल्सियस असते, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर भरतो आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे सुमारे ९०३. हवा दहा अंशांनी उबदार असली तर त्याच मॅक आकड्याला ताशी वीसेक किलोमीटर जास्त मिळतात. हा झाला हवेतला वेग. प्रवाशाला मात्र जमिनीवरून सरकण्याच्या वेगाशी कर्तव्य असते आणि तो मिळवण्यासाठी त्यात वारा मिळवावा किंवा वजा करावा लागतो.

उत्तर अटलांटिकवर त्या उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहते, बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि तिच्या गाभ्यात शंभर नॉटांहून अधिक वेग असणे ही नवलाची गोष्ट नाही. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री, वादळ ब्रिटनकडे सरकत असताना, ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ जेएफकेहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या वेळी अनेकांनी विचारले की मग त्याने ध्वनीचा वेग ओलांडला का. उत्तर नाही असेच आहे, कारण ध्वनीची तुलना भोवतीच्या हवेशी करायची असते आणि ती हवा स्वतःच विमानाला पाठीवर घेऊन धावत होती. खरोखर ध्वनीच्या पुढे जाणाऱ्या कॉन्कॉर्डने हाच मार्ग ७ फेब्रुवारी १९९६ रोजी २ तास ५३ मिनिटांत, नेमके सांगायचे तर एक सेकंद कमी, कापला होता.

म्हणूनच आम्ही सर्वांत जवळचा मार्ग शोधत नाही, तर त्या दिवशी सर्वांत कमी वेळाचा आणि कमी इंधनाचा मार्ग शोधतो, आणि हे दोन मार्ग क्वचितच एकावर एक पडतात. अटलांटिकवर त्यासाठी रोज नव्याने मार्ग आखले जातात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी शॅनविक नियंत्रण केंद्र ते ठरवते आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी गॅन्डर. पूर्वेकडे येणारे मार्ग जेट स्ट्रीमच्या अंगावर टाकलेले असतात, तर पश्चिमेकडे जाणारे तिला चुकवून, कधी पार उत्तरेकडून. आपण ज्याला एकच मार्ग म्हणता, त्याच्या जाण्याच्या आणि येण्याच्या वाटा त्यामुळे एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर असू शकतात.

एक उदाहरण मांडतो. त्यातील आकडे माझे स्वतःचे, समजण्यापुरते आहेत. पश्चिमेकडे जाताना वळशासकट ५,७०० किलोमीटर आणि सरासरी ताशी ९० किलोमीटरचा समोरून वारा धरा. ९०५ मधून ९० गेले, ८१५ उरले, म्हणजे सात तास झाले. आता विमान दारापासून मागे ढकलल्यापासून धावपट्टीवर उभे राहीपर्यंत वीस मिनिटे, चढताना आणि उतरताना वेग कमी असल्यामुळे वाया जाणारी बारा मिनिटे, उतरल्यावर दारापर्यंत आठ मिनिटे, असे करत पावणेआठला पाच मिनिटे कमी. वेळापत्रकात त्यावर वीस मिनिटांची उसंत ठेवली की आठ तास पुरे. येताना ५,६५० किलोमीटर आणि पाठीवर तेवढाच वारा धरला, तर हवेतले ५ तास ४१ मिनिटे होतात. त्यात संध्याकाळच्या गर्दीत जेएफकेला धावपट्टीसाठी रांगेत अर्धा तास, हीथ्रोच्या आसपास घिरट्या घालण्यात दहा मिनिटे आणि वरची इतर मिनिटे धरली की सात तास. दारातून हलण्यापासून दाराला लागण्यापर्यंतच्या या वेळाला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो आणि तिकिटावर दिसतो तो हाच.

अक्षरेखा:

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिले त्याबद्दल आभार. एक शंका राहते. जाताना वारा ९० ने मागे खेचतो आणि येताना ९० ने पुढे ढकलतो, तर जाऊन-येऊन हिशेब फिटतो असे समजावे का? तसे असेल तर मी शीटमध्ये वाऱ्याचा रकाना न ठेवता सरासरीच दाखवीन.

उड्डाणनियोजक:

फिटत नाही, आणि का फिटत नाही हे कागदावर करून पाहण्यासारखे आहे. अंतर ५,४०० किलोमीटर, हवेतला वेग ९०० आणि वारा १५० धरा. वारा नसता तर सहा आणि सहा असे बारा तास लागले असते. वाऱ्याबरोबर १,०५० च्या वेगाने ५ तास ९ मिनिटे लागतात, म्हणजे ५१ मिनिटे वाचतात. वाऱ्याविरुद्ध ७५० च्या वेगाने ७ तास १२ मिनिटे लागतात, म्हणजे ७२ मिनिटे जातात. एकूण १२ तास २१ मिनिटे झाली. विरुद्ध वाऱ्यात आपण कमी वेगाने जातो आणि म्हणूनच त्या वाऱ्यात जास्त वेळ सापडतो. नुकसान लाभापेक्षा नेहमीच मोठे राहते. प्रत्यक्षात पश्चिमेकडे जाताना आम्ही वारा चुकवतो म्हणून ही तूट थोडी भरून निघते, पण पुरती नाही. वाऱ्याचा रकाना ठेवा.

आणखी एक. बृहद्‌वृत्ताचे अंतर ही खालची मर्यादा समजा. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि रशियावरून जाता येत होते तेव्हा साडेनऊ-दहा तासांत विमान पोहोचत असे. २०२२ च्या फेब्रुवारीत ते आकाश बंद झाल्यापासून त्याच प्रवासाला तेरा तासांच्या आसपास लागतात. विमानतळ जागचे हलले नाहीत, आपले सूत्रही उत्तर बदलणार नाही. दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतले वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे २.७ किलोमीटरांचे उड्डाण आहे. आपली शीट त्याला अकरा सेकंद दाखवील. ते चिमुकले विमान दीड-दोन मिनिटे घेते.

वाताहत:

पृथ्वीच्या फिरण्याबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. लंडनच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,०४० किलोमीटर वेगाने फिरते, हे खरे आहे. परंतु हवाही जमिनीसोबतच फिरते आणि धावपट्टीवर उभे असलेले विमानसुद्धा. हवा जागच्या जागी राहिली असती, तर आपल्याला दाराबाहेर पाऊल टाकताच कोणत्याही चक्रीवादळाला लाजवणारा वारा लागला असता. म्हणून न्यूयॉर्क ‘आपणहून जवळ येणे’ घडत नाही.

तरीही आपला संशय सर्वस्वी चुकीचा नाही. उष्ण कटिबंध आणि ध्रुवप्रदेश यांच्या तापमानांतल्या तफावतीमुळे वरच्या थरांत हवा ध्रुवांकडे सरकू पाहते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ती वाट सोडून पूर्वेकडे वळते. म्हणजे फिरण्याचा परिणाम होतो, पण तो वाऱ्याच्या मार्फत. ही तफावत हिवाळ्यात वाढते, म्हणून जाण्या-येण्यातला फरकही हिवाळ्यात वाढतो. शीटमध्ये महिन्याचा रकाना ठेवण्याचा विचार करावा.

या वाऱ्याची पद्धतशीर नोंद प्रथम केली ती जपानच्या ओइशी वासाबुरो यांनी, १९२० च्या दशकात, तातेनो येथून फुगे सोडून. जगाला कळावे म्हणून त्यांनी १९२६ साली आपला अहवाल एस्परान्तो या जगासाठी मुद्दाम तयार केलेल्या भाषेत छापला आणि तो जवळजवळ कोणीच वाचला नाही. १९४४ साली जपानवर उंचावरून येणाऱ्या अमेरिकी बी-२९ विमानांना हा वारा अनपेक्षितपणे आडवा आला. मला ही हकीकत नेहमी थोडी चटका लावते.

दुसरी_खिडकी:

मी तज्ज्ञ नाही, केवळ वारंवार प्रवास करणारी आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला अनुभवाने ठाऊक आहे.

मराठीत ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ असे दोन निराळे शब्द आहेत, हे येथे फार कामाला येते. तिकिटावर छापलेली असते ती वेळ, आणि तीही ज्या त्या शहराच्या घड्याळातली. आपण मोजता आहात तो वेळ. एकीतून दुसरा काढायचा, तर दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगासाठी एकच असलेल्या प्रमाणवेळेत, बदलून मगच वजाबाकी करावी. लंडनहून सकाळी अकराला निघून न्यूयॉर्कला दुपारी दोनला पोहोचलो म्हणजे तीन तास लागले असे नव्हे, हे आपल्याला माहीत आहेच. पण ‘पाच तास मिळवा’ हा नियमही बारमाही नाही. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०२५ साली हे दिवस ९ मार्च आणि ३० मार्च होते. मधले तीन आठवडे दोन्ही शहरांत चारच तासांचा फरक होता. शरद ऋतूत ब्रिटन २६ ऑक्टोबरला मागे आले आणि अमेरिका २ नोव्हेंबरला, म्हणजे पुन्हा एक आठवडा चार तास. आपली शीट ऑक्टोबरच्या त्या आठवड्यातही चुकत असणार. आपण तपासले नसेल, इतकेच.

याच चार तासांनी माझे एकदा पुढचे विमान चुकले आहे. मार्चमधला प्रवास होता, मी घरी बसून पाच तासांच्या हिशेबाने वहीत एक वेळापत्रक मांडले होते आणि दुसरे तिकीट वेगळे, तिसऱ्याच ठिकाणाहून काढले होते. पहिले विमान अगदी वेळेवर उतरले. तरीही माझ्या वहीतल्या वेळेपेक्षा भिंतीवरचे घड्याळ एक तास पुढे होते. त्यात खिडकीतून दिसणारे दार प्रत्यक्षात लागायला अठरा मिनिटे गेली, कारण तिथे दुसरे विमान उभे होते. तेव्हापासून मी वहीत दोन रकाने ठेवते, एक स्थानिक आणि एक यूटीसी, आणि विमान उतरण्याच्या वेळेवर कधीच विसंबत नाही.

उड्डाणनियोजक यांनी उसंतीचा उल्लेख केला, त्यावरून आठवले. अमेरिकेत ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत दाराला लागलेले विमान वेळेवर आले असे गणले जाते. त्यामुळे वेळापत्रकात हात सैल ठेवण्याचा मोह कंपन्यांना होणारच. ‘आपण वीस मिनिटे लवकर पोहोचलो आहोत’ ही घोषणा ऐकून आता मला फारसा आनंद होत नाही.

अक्षरेखा:

सर्वांच्या उत्तरांप्रमाणे काल रात्री शीट नव्याने मांडली. अंतरासाठी लंबगोलाचे सूत्र घातले आणि ५,५५५ मिळाले. त्याखाली वळशासाठी टक्केवारीचा एक रकाना, मग दिशेनुसार आणि महिन्यानुसार वारा, मग जमिनीवरची मिनिटे, असे सगळे वेगवेगळे ठेवले आहे, म्हणजे चूक कोणत्या रकान्यात आहे हे तरी कळेल. आगमनाची वेळ आता थेट यूटीसीतून काढतो. ९ मार्चची तारीख घालून पाहिली, बरोबर आली. २६ ऑक्टोबर आधीच्या शीटमध्ये खरोखरच चुकत होता.

वेस्ट्रेसाठी मात्र अजून अडतीस मिनिटे दाखवते आहे. जमिनीवरची मिनिटे त्या विमानाला लागू नाहीत, हे तिला कसे सांगावे याचा विचार करतो आहे.